शाफ्टवरची खूण

गाडी वळवली की ती ओरडायची. सरळ जाताना काही नाही, पण ड्राइव्हवेतून रस्त्यावर घेताना स्टिअरिंग फिरवलं की बॉनेटखालून असा आवाज यायचा की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. जावई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून थोडा वेळ तसेच बसून राहायचे आणि मग गाडी मागे घेऊन बंद करायचे.

त्या गाडीच्या दुरुस्तीत मी काय केलं आणि का केलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. कोणाला विचारण्यासारखं नाही, म्हणून लिहून बघते.

अमेरिकेत पार्सिपनीला मुलीकडे येऊन मला चार महिने झाले होते. मुलगी इथल्या हॉस्पिटलमध्ये औषधं देण्याच्या काउंटरवर काम करते. जावई कंप्युटरवाले. मी आल्यावर दोनच महिन्यांत त्यांची नोकरी गेली. आपल्याकडे नोकरी गेली तर माणूस घरी बसतो, दुसरी शोधतो. इथे तसं नाही. ठरलेल्या दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देशच सोडायचा. मुलीच्या कामाची परवानगीसुद्धा जावयांच्याच नोकरीवर टांगलेली, म्हणजे दोघांनीही जायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलीने एका तारखेभोवती पेनाने गोल केला होता. त्या गोलाच्या अलीकडे फार थोडे चौकोन उरले होते.

आणि परत जायचं म्हणजे माझ्याकडे. हे मी कोणाला बोलले नव्हते, पण आमच्या घराच्या वरच्या खोलीत दोघांचा पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, ते मी मनात ठरवून बसले होते. माझे मालक वारल्यापासून त्या घरात मी एकटीच आहे. मुलगी काळजीने झोपत नव्हती, खात नव्हती, आणि मी पलंग लावत होते.

त्यातच वेस्ट विंडसरच्या एका कंपनीतून फोन आला. सोमवारी सकाळी समक्ष भेटायला या. घरापासून गाडीने तासभर. रोज ऑफिसात यावं लागेल, तुमच्याकडे चांगली गाडी आहे ना, असंही त्यांनी विचारलं. जावयांनी हो म्हणून सांगितलं. आधीच्या दोन गाड्यांपैकी एक विकून झाली होती. उरलेली ही, ओरडणारी.

मुलगी म्हणाली, "सोमवारी कॅबने जा ना."

"आणि मंगळवारी? बुधवारी?" जावई म्हणाले. "त्यांना मी काय सांगितलंय, गाडी आहे म्हणून. खोटं बोलून आत शिरू का?"

"मग गॅरेजला टाक."

"गुरुवारशिवाय कोणी हात लावायला तयार नाही. मीच करतो. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची पुली गेलीय, बाकी काही नाही. व्हिडिओ बघितलेत मी."

मुलगी नवऱ्याला अरे-तुरे करते. ते माझ्या कानाला अजून सवयीचं झालेलं नाही. मी माझ्या जावयांशी थेट बोलतच नव्हते. आमच्याकडची रीतच तशी. सासू जावयाच्या पुढ्यात उभी राहून बोलत नाही. काही सांगायचं असलं तर मुलीला सांगते, किंवा ते ऐकतील अशा बेताने भिंतीला सांगते. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "आई, प्रवास कसा झाला?" तेव्हा मी मुलीकडे बघून म्हटलं, "बरा झाला म्हणावं." ते हसले होते. पुढे पुढे त्यांनीही विचारणं सोडलं. सात वर्षं आम्ही दोघं मुलीच्या तोंडून बोलत आलो आणि त्यात काही अडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मुलीला न्यायला तिच्याबरोबर काम करणारी बाई आली आणि ती कामाला गेली. घरात मी आणि जावई. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं, शेजारी लॅपटॉप ठेवला. पार्टच्या दुकानातून पुली काढायचं आणि बसवायचं हत्यार आणलं होतं. ते दुकान हत्यार वापरायला देतं आणि काम झाल्यावर परत घेतं, हे मला फार आवडलं.

मी चहा घेऊन बाहेर गेले आणि कप गाडीच्या टपावर ठेवला. वळणार तोच त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला. आवाज मोठा केला.

"अगं ऐक. आईंना सांग ना, हा पाना खाली दाबून धरायचाय. मी पट्टा काढेपर्यंत सोडायचा नाही."

"आई कुठे आहे?"

"इथेच आहेत. समोर."

"मग?"

"मग सांग."

फोनमधून मुलगी म्हणाली, "आई, ऐकलंस ना?"

मी फोनकडे बघून म्हटलं, "ऐकलं. कुठल्या हाताने धरू विचार."

"अरे, ती विचारतेय कुठल्या हाताने."

"दोन्ही."

"दोन्ही, आई. आणि आता मी फोन ठेवते. माझ्यापुढे सहा माणसं लायनीत उभी आहेत. तुम्ही दोघं एकमेकांना काय चावता का?"

फोन बंद झाला. जावयांनी पान्याकडे बोट दाखवलं. मी पदर खोचला आणि पाना धरला. लांबच लांब होता. दाबल्यावर पट्ट्यावर ताण देणारं चाक मागे सरकलं, पट्टा ढिला पडला आणि जावयांनी तो एका बाजूने उतरवला. त्यांच्या नजरेत थोडं आश्चर्य होतं. एवढा जोर माझ्या हातात असेल असं त्यांना वाटलं नसावं.

त्यांना माहीत नव्हतं. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. चौथी झाल्यावर मला शाळेतून काढलं आणि गिरणीत बसवलं. लग्न होईपर्यंत आठ वर्षं मी तिथेच होते. खाली मोटर, वर चक्की, आणि दोन्हींच्या पुल्यांवरून फिरणारा चार बोटं रुंद पट्टा. दिवसातून चारदा तरी मी तो पट्टा चढवायची आणि उतरवायची. अमेरिकेतल्या गाडीच्या पोटातही पट्टा आणि पुल्याच असतील, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. बॉनेटखाली वाकून बघितलं आणि एकदम ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं. फक्त इथे एकच पट्टा पाच-सहा पुल्यांवरून नागासारखा वळसे घेत जात होता.

जुनी पुली काढायला त्यांना तास लागला. हत्याराचे दोन ओठ पुलीच्या मानेला धरायचे आणि मधला बोल्ट पिळत जायचं, तशी पुली केसभर केसभर बाहेर येते. ते दोनदा सटकलं. "निघ ना यार," असं ते पुलीला म्हणत होते. शेवटी निघाली तेव्हा तिच्या मानेला उभी चीर गेलेली दिसली. मी न बोलता मान हलवली. त्यांनीही हलवली.

पंपातून आता नुसता एक दांडा बाहेर आलेला होता, माझ्या अंगठ्याएवढा जाड. त्याला आम्ही गिरणीत शाफ्ट म्हणायचो. नवी पुली खोक्यातून काढून त्यांनी टॉवेलवर ठेवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सोमवारच्याच कंपनीतून कोणीतरी होतं. ते हात पुसत घरात गेले आणि इंग्रजीत बोलण्याचा आवाज येत राहिला.

मी उभी होते. शाफ्ट तेलाने माखलेला होता, तो मी फडक्याने स्वच्छ पुसला. पुसून झाल्यावर वाटलं, नवीन वस्तू बसवायची आणि तिला काहीच नाही, असं कसं? वडील नवी पुली, नवा पट्टा कधीही कुंकू लावल्याशिवाय चढवत नसत. मी आत जाऊन देव्हाऱ्यातलं कुंकू तळहातावर घेतलं. लोखंडावर कोरडं कुंकू धरत नाही म्हणून थोडं खोबरेल घातलं. पुलीला पाठीमागून एक बोट लावलं, दिसू नये असं. आणि शाफ्टला, अगदी मुळाशी, जिथे तो पंपातून बाहेर येतो तिथे, बोट गोल फिरवलं. मनात म्हटलं, यांचं काम होऊ दे.

हे मी नक्की म्हटलं. पण कोणतं काम, ते मी मनातसुद्धा म्हटलं नाही. पुढे मला यावर फार विचार करावा लागला.

जावई बाहेर आले. लॅपटॉपवरचा व्हिडिओ पुढे केला, मग शाफ्टजवळ वाकले आणि थांबले. बोटाने माझ्याकडे, म्हणजे फडक्याकडे, खूण केली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच थोडे हसले. पुन्हा फोन लावला.

"अगं, आईंना थँक्यू म्हण. त्यांनी शाफ्ट पुसला ना, त्यामुळे खूण दिसली."

"कसली खूण?"

"कंपनीची. लाल रिंग आहे शाफ्टवर. पुली कुठपर्यंत दाबायची त्याची. मी तेच शोधत होतो. व्हिडिओत म्हणतात काही गाड्यांत शाफ्टच्या टोकाशी एका पातळीत आणायची, काहींत नाही. आता प्रश्नच मिटला."

"आई, तो थँक्यू म्हणतोय," मुलगी म्हणाली.

माझे तळहात मी पाठीमागे घेतले होते. एका हातावर ते कुंकू अजून ओलं होतं. बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलणार? कोणाशी बोलणार? फोनशी? त्यात लायनीतली सहा माणसं. मी म्हटलं, "असू दे."

त्यांनी बसवायचं हत्यार लावलं. लांब बोल्ट शाफ्टच्या आत फिरवून धरायचा आणि वरून नट पिळत पुली आत ढकलायची. पुली केसभर केसभर मुळाकडे सरकत गेली आणि लाल रेघेला टेकली. त्यांनी नट थांबवला. मी पाना धरला, त्यांनी पट्टा चढवला आणि गाडी सुरू केली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, पूर्ण उजवीकडे फिरवलं. आवाज आला नाही. समोरचा कुत्राही गप्प होता.

मी गाडीच्या बाजूला चाकाच्या वरच्या अंगाला उभी होते. तिथून खाली बघितलं की पट्टा कडेवरून दिसतो. तो तिरपा चालला होता. फार नाही. वरची नवी पुली बाकीच्यांपेक्षा एका ज्वारीच्या दाण्याइतकी पुढे होती आणि पट्टा तिच्यावर चढताना अंग मोडत होता. गिरणीत वडील म्हणायचे, पुली वाकडी बसली की पट्टा आपल्या मनाने चालतो. एक दिवस चालेल, दोन दिवस चालेल, मग कडेने झिजत झिजत उतरेल, आणि उतरेल तेव्हा भरधाव असेल.

माझी खूण, माझ्यामुळे वाकडी पुली, आणि ते गाडीतून उतरून माझ्याकडे अंगठा वर करून दाखवत होते.

दुपारी त्यांनी गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊन आणली. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तिला बसवून दोन चकरा मारल्या. मी पोळ्या करत होते. मागून दोघांचा आवाज येत होता.

"इंजिनिअर आहेस म्हणायचा तू."

"कंप्युटरचा."

"मग हे कसं जमलं?"

"आईंनी पाना धरला."

मुलगी माझ्याकडे आली आणि पोळीचा तुकडा तोडून खात म्हणाली, "काय, मेकॅनिकबाई?" तिने त्या दिवशी नीट जेवण केलं. तीन पोळ्या खाल्ल्या. मला तिचं ताट बघून सुख होत होतं आणि डोळ्यांपुढून तो तिरपा पट्टा हलत नव्हता.

रविवारी सकाळी मी कोणी उठायच्या आधी बाहेर गेले. बॉनेट कसं उघडतात ते मी बघून ठेवलं होतं. उघडलं. नव्या पुलीच्या खाली आणि पट्ट्याच्या कडेला काळं पीठ साचलं होतं. रबराचं पीठ. बोटाला लावून बघितलं. चार चकरांत एवढं निघालं तर तासभराच्या रस्त्यात काय होईल? जावयांनीच शनिवारी मुलीला समजावून सांगितलं होतं की हा एकच पट्टा सगळं चालवतो. बॅटरीही त्याच्यावर, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच्यावर. म्हणजे तो उतरला की हायवेवर गाडी मेली. सोमवार गेला. आणि दोन्ही बाजूंनी ट्रक धावत असताना काय होईल ते वेगळंच.

मी आत येऊन मुलीला उठवलं.

"त्यांना सांग, पट्टा एकदा बघा म्हणावं."

ती उशीवरूनच म्हणाली, "का? काय झालं?"

"तिरका चाललाय."

"आई, प्लीज." ती उठून बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "दोन महिन्यांनी काल तो आंघोळीला शीळ वाजवत गेला. उद्या त्याला तिथे जाऊन ताठ बसायचंय. आता त्याला अमुक चुकलं, तमुक चुकलं, काही सांगू नकोस. तुला गाडीतलं काय कळतं?"

तिचंही बरोबर होतं. मला गाडीतलं काही कळत नाही. गिरणीतलं कळतं, तेही चाळीस वर्षांपूर्वीचं. कदाचित इथले पट्टे असे तिरके चालत असतील. कदाचित काळं पीठ नव्या पुलीचं असेल, नवा जोडा चावतो तसं. मी गप्प बसले. सकाळभर कामं करत होते, पण काय करते आहे ते समजत नव्हतं. डाळीत मीठ दोनदा घातलं. मुलगी म्हणाली, "आई, लक्ष कुठे आहे तुझं?" मी म्हटलं, "इथेच."

लक्ष वरच्या खोलीतल्या पलंगावर होतं. लिहायला लाज वाटते, पण मग लिहायचं तरी कशाला? मी गप्प होते ती रीत म्हणून? जावयाची चूक सासूने काढू नये म्हणून? की चूक माझ्या कुंकवाची होती आणि ती कबूल करायला भीती वाटत होती? की सोमवारी ते पोहोचलेच नाहीत तर बरं, असं आत कुठेतरी होतं? मी एक एक कारण बाजूला करून बघत होते, निवडायला घेतलेल्या तांदळासारखं, आणि प्रत्येक वेळी खडा वेगळ्याच जागी सापडत होता. त्यांना काही व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण दोघांनी माझ्या घरी यावं असं होतं. या दोन गोष्टी एकाच पट्ट्यावर आहेत, हे मला दुपारपर्यंत दिसलं नव्हतं.

दुपारी मुलगी त्याच मैत्रिणीबरोबर किराणा आणायला गेली. जावई बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर शर्ट घालून बसले होते, खाली घरातलीच पँट. उद्याची तालीम चालली होती. स्वतःच प्रश्न विचारत होते आणि स्वतःच उत्तर देत होते. एका उत्तरावर अडखळले, परत सुरुवात केली, परत तिथेच अडखळले. मग दोन्ही हात तोंडावर घेऊन बसले.

मी दारात उभी होते. त्यांना वाटलं मी चहाचं विचारायला आले. त्यांनी मान हलवून नको म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, "ती खूण कंपनीची नाही."

ते इकडेतिकडे बघायला लागले. मुलगी आली आहे का, असं बघत असावेत.

"आई, माझ्याशी बोलताय?"

"हो. ती लाल खूण कंपनीची नाही. माझी आहे. कुंकू आहे ते."

मी थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते, म्हणून एका दमात सांगून टाकलं. शाफ्ट पुसला, खोबरेलात कुंकू कालवलं, बोट फिरवलं. पुली दाणाभर पुढे बसली आहे. पट्टा तिरका चालतोय. काळं पीठ पडतंय. उतरणार. आमची गिरणी होती.

"गिरणी?" ते म्हणाले.

"पिठाची."

ते उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. मी मागोमाग. त्यांनी बॉनेट उघडून पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"काल का नाही बोललात?"

मी जमिनीकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "किती आत घ्यायची, ते कसं बघायचं?"

"दोरा लावून."

"लेझर नाही?"

"दोरा."

मी आतून माझ्या पिशवीतला पांढरा दोरा आणला. हत्यार सुदैवाने अजून परत केलं नव्हतं. पट्टा उतरवला. या वेळी ते नुसतं "आई, पाना" म्हणाले आणि मी धरला. मग दोऱ्याचं एक टोक मी खालच्या पुलीच्या पहिल्या खाचेत दाबलं आणि त्यांना दुसरं टोक वरच्या पुलीपर्यंत ताणायला सांगितलं. दोरा सरळ ठेवला तर तो वरच्या पुलीच्या पहिल्या खाचेत पडायला हवा. तो दुसऱ्या खाचेत पडत होता.

जावयांनी दुसऱ्या हाताचं नख त्या खाचेत टेकवलं. "एक पूर्ण खाच," ते म्हणाले. "मी उद्या सत्तर मैलांच्या स्पीडने जाणार होतो याच्यावर."

त्यांनी नट पिळायला घेतला. मी दोरा धरून होते.

"आणखी," मी म्हटलं.

"आता?"

"आणखी. अर्धा दाणा."

"कसला दाणा?"

"ज्वारीचा."

"आई, मी नागपूरचा माणूस. आम्ही तांदूळवाले."

"मग दोन तांदूळ."

ते हसायला लागले, नट हातात धरून. मलाही हसू आलं. पुढे एकदा त्यांनी घाईने जास्तच जोर लावला आणि मी त्यांच्या हातावर चापट मारली, "हळू, परत बाहेर काढायला तास जाईल." जावयाच्या अंगाला हात लावला हे मला दोऱ्याचं टोक सोडल्यावर लक्षात आलं. पुली आत गेली तशी माझी लाल रेघ तिच्या मानेखाली नाहीशी झाली. दोरा पहिल्या खाचेत पडला. शाफ्टचं टोक आणि पुली एका पातळीत आली होती.

पट्टा चढवताना किराण्याच्या पिशव्या घेऊन मुलगी आली. मी म्हणत होते, "तिकडून नाही, इकडून चढवा," आणि ते म्हणत होते, "अहो, चित्रात असंच आहे." ती दोन्ही हातात पिशव्या धरून तशीच उभी राहिली.

"माझं टेलिफोन एक्स्चेंज बंद पडलं वाटतं," ती म्हणाली.

जावयांनी तिला कुंकवाचं काहीच सांगितलं नाही. "आईंनी पुली लाइनमध्ये आणून दिली," एवढंच म्हणाले. ती माझ्याकडे बघत होती. सकाळचं तिला आठवलं असावं. पिशव्या आत नेताना माझ्या खांद्याला खांदा लावून गेली.

सोमवारी ते गेले. सकाळी मी देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचेना, तेव्हा नुसती बसले. साडेनऊला मुलीच्या फोनवर त्यांचा निरोप आला की पोहोचलो. मला हायसं वाटलं. ते खरं होतं, एवढं मला माहीत आहे. पट्टा टिकला म्हणून मी मनापासून देवाला हात जोडले.

आठ दिवसांनी नोकरी मिळाल्याचं पत्र आलं. मुलगी कॅलेंडरपुढे उभी राहून रडली आणि जावई तिच्या पाठीवर हात फिरवत होते. मी शिरा केला. रवा भाजताना माझ्याही डोळ्यांना धार लागली आणि मुलगी म्हणाली, "आई, तू कशाला रडतेस आता? सुटलो आपण." मी म्हटलं, आनंदाचं आहे. आनंदाचं होतंच. पण शेगडीवरची कढई हलवत मी मनात वरच्या खोलीतला पलंग पुन्हा भिंतीला उभा करून ठेवत होते, हेही होतं. एकाच पाण्यात दोन्ही. कोणतं किती, ते मला वेगळं काढता आलं नाही. आजही येत नाही.

आता जावई माझ्याशी बोलतात. कामावरून आले की विचारतात, "आई, आज काय विशेष?" मी उत्तर देते, त्यांच्याकडे बघूनच, पण मान अजून थोडी खाली जाते. कुंकवाचं आमच्या दोघांतच राहिलं आहे. मी शनिवारी का बोलले नाही, ते त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पलंगाचं सांगितलं असतं का, मला माहीत नाही.

काल संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. माझी इथे राहायची मुदत संपत आली आहे. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. विमानाच्या तारखा होत्या.

"आई, कधीचं तिकीट काढू?"

मी म्हटलं, "तुम्हाला सोयीचं असेल तेव्हाचं."

"मला सगळ्याच तारखा सोयीच्या आहेत. तुम्ही सांगा."

स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली, "मुदत वाढवून घेता येते, आई. अर्ज करू. थांब ना."

ते बोट कीबोर्डवर ठेवून वाट बघत होते. घाई करत नव्हते. मी त्या चौकोनांकडे बघत राहिले. एकीकडे बंद घर होतं, तुळशीला पाणी घालणारी शेजारीण होती, आणि एकीकडे हे दोघं, आता इथेच राहणारे. एरवी मी कोणाच्यातरी तोंडून सांगितलं असतं. पण ते माझ्याकडेच बघत होते.

"पुढच्या महिन्यातलं काढा," मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यातलं."

"नक्की?"

"नक्की नाही," मी म्हटलं. "पण काढा."